तीन धन्यांची संस्था

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला पैसा टाटांचा, ३७१ एकर जमीन म्हैसूर दरबारची आणि १९०९ चा आदेश ब्रिटिश सरकारचा. म्हणजे संचालकाच्या डोक्यावर पहिल्यापासूनच तीन धनी. १९३३ साली सी. व्ही. रामन पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी भौतिकशास्त्राचा विभाग उभा केला आणि रसायनशास्त्राच्या निधीला कात्री लागल्याची ओरड सुरू झाली. १९३६ मध्ये संस्थेच्या कारभाराचा आढावा घ्यायला आयर्विन समिती आली. १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले. दोष त्यांच्या एककल्ली स्वभावाचा, असे म्हणतात. स्वभाव तसा होताच (नोबेलने कुणी मवाळ होत नाही). पण भांडण प्राध्यापकांचे असले तरी निवाडा संस्थेच्या, म्हणजे याच धन्यांच्या, कौन्सिलच्या हाती होता, कारण तिजोरीची किल्लीही तिथेच होती. १९४८ नंतर याच शहरात स्वतःची संस्था चालवताना रामन यांनी सरकारी पैसा कटाक्षाने टाळला.