बार्नबी, बर्घो आणि पळणारे कमिशनर

जॅक द रिपरवर ढिगाने पुस्तकं आहेत. पण मला त्यातला सगळ्यात आवडतो तो दोन कुत्र्यांचा किस्सा.

१८८८चा ऑक्टोबर. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात एकामागून एक बायकांचे खून होत होते आणि पेपरवाले पोलिसांना धारेवर धरत होते. कुत्री आणा, अशी मागणी जोरात होती. शेवटी पोलीस कमिशनर सर चार्ल्स वॉरेन यांनी एडविन ब्रफ नावाच्या ब्रीडरकडून बार्नबी आणि बर्घो हे दोन ब्लडहाउंड मागवले.

८ ऑक्टोबरला सकाळी रीजंट्स पार्कात पहिली चाचणी झाली. गवतावर दाट दंव. एका माणसाला पंधरा मिनिटं आधी पळवलं आणि मग कुत्री सोडली. त्यांनी जवळजवळ मैलभर माग काढला. दुसऱ्या दिवशी हाइड पार्क. तिथे चोर कोण? साक्षात कमिशनरसाहेब! या चाचण्यांमध्ये ते दोनदा चोर झाले. लंडनचे पोलीस ज्याच्या हाताखाली, तो माणूस बागेत पळतोय आणि मागे लांब कानांची दोन कुत्री.. डोळ्यासमोर आणून बघा!

पुढे पेपरात बातमी आली, टूटिंगला सराव करताना कुत्रीच हरवली! बातमी खोटी होती, पण चेष्टेला तेवढी पुरली.

आता जरा गंभीर. माणसाच्या अंगावरून त्वचेचे कण सतत झडत असतात, कुत्रा त्यांचा वास धरतो. पार्कातसुद्धा कुणी परका माणूस वाट ओलांडून गेला की कुत्री घुटमळायची. मग व्हाइटचॅपलच्या गजबजलेल्या फरसबंदी रस्त्यावर काय? म्हणजे टेस्ट सर्व्हरवर पास, प्रॉडक्शनचं देव जाणे.

त्यात पैशांचं घोंगडं भिजत पडलेलं. चोरांनी कुत्र्यांना विष घातलं तर भरपाई कोण देणार, हा ब्रफचा प्रश्न. हमी काही मिळाली नाही. त्याने कुत्री परत नेली.

९ नोव्हेंबरला मिलर्स कोर्टमध्ये मेरी केलीचा खून उघडकीस आला. पोलीस अकराच्या सुमारास पोचले, पण दार उघडलं नाही. कुत्री येणार, वास मोडायला नको! दुपारी दीडला निरोप आला, कुत्री येत नाहीत, दार फोडा. कुत्री तेव्हा लंडनमध्येच नव्हती.

मला यात कुत्र्यांच्या नाकाचा दोष दिसत नाही. चाचणीसाठी खुद्द कमिशनर धावले. पण कुत्री परत गेली, एवढी साधी गोष्ट त्या दारापर्यंत कुणी पोचवली नव्हती.