माळाची लावणी

विस्कॉन्सिन हे अमेरिकेच्या उत्तर भागातील एक राज्य. मॅडिसन ही त्याची राजधानी. या शहराच्या दक्षिणेस, विंग्रा नावाच्या लहानशा तलावापलीकडे, सुमारे ७० एकरांचे एक गवताळ रान पसरलेले आहे. पावसाळा सरता सरता आपल्याकडे भात पोटरीला येते, त्या सुमारास तिथले गवत पुरुषभर उंच होते. त्यात पिवळी, जांभळी, पांढरी रानफुले दाटीने उभी असतात. वाटसरूला वाटावे, सृष्टीच्या आरंभापासून हे असेच असणार. परंतु ते तसे नाही. हे रान माणसांनी लावलेले आहे. आपण भाताची रोपे लावतो तसे, वाकून, हाताने. लागवडीला १९३५ मध्ये आरंभ झाला. नांगराखाली नष्ट झालेली गवताळ भूमी तिच्या मूळच्या वनस्पतींनिशी पुन्हा उभी करण्याचा जगातील हा सर्वांत जुना मोठा प्रयत्न, असे जाणकार मानतात. त्या रानाला आज ‘कर्टिस प्रेअरी’ असे एका प्राध्यापकाचे नाव आहे. ते नाव योग्यच आहे. तथापि त्या मातीत ज्यांचे हात राबले, त्यांची हकीकत आम्हांला अधिक मोलाची वाटते.

प्रेअरी म्हणजे अमेरिकेच्या मध्यभागातील अफाट माळरान. झाडे तुरळक, गवत मात्र गच्च. या गवताचे खरे वैभव जमिनीखाली असते. ‘बिग ब्ल्यूस्टेम’ हे तिथले मुख्य गवत आपल्या ज्वारीच्या गणगोतातले. त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात. हजारो वर्षे ही मुळे कुजत आणि नव्याने फुटत राहिली, त्यातूनच तिथली काळी, कसदार माती तयार झाली. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांचे लाकडी व बिडाचे नांगर त्या चिकट मातीत अडत. १८३७ मध्ये शेजारच्या इलिनॉय राज्यात जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर घडवला आणि पुढच्या दोन पिढ्यांत प्रेअरी जवळजवळ संपली. विस्कॉन्सिनमध्ये एके काळी सुमारे २० लाख एकर प्रेअरी होती. तिच्यातील शंभरात एक एकरही मूळ स्वरूपात उरलेला नाही. जी उरली ती रेल्वेमार्गाच्या कडेला, खडकाळ उतारांवर आणि जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत. दफनभूमीत नांगर जात नाही, एवढेच त्या गवताचे भाग्य.

नांगर येण्यापूर्वी ही भूमी ओसाड नव्हती, हे इथेच सांगितले पाहिजे. मॅडिसनच्या तलावांभोवती हो-चंक या आदिवासी राष्ट्राची वस्ती होती. १८३२ च्या तहाने त्यांना ही भूमी सोडून देणे भाग पाडण्यात आले, आणि १८३६ च्या सुमारास, म्हणजे अवघ्या चार वर्षांत, आज जिथे कर्टिस प्रेअरी आहे तिथे पहिला नांगर फिरला. माणसे गेली तसे त्यांचे ज्ञानही गेले. त्या ज्ञानावाचून काय अडले, ते पुढे येईलच.

जवळजवळ शतकभर त्या जमिनीत मका आणि ओट पिकवले गेले, मग ती घोड्यांचे कुरण झाली, आणि अखेर विद्यापीठाने वनस्पतिउद्यानासाठी ती विकत घेतली. १७ जून १९३४ रोजी उद्यानाचा अर्पणविधी झाला. त्या प्रसंगी आल्डो लिओपोल्ड या प्राध्यापकांनी मोजक्या शब्दांत एक वेगळीच कल्पना मांडली. देशोदेशीची झाडे आणून त्यांना नावाच्या पाट्या लावणारी उद्याने पुष्कळ आहेत. आपण मात्र पहिले वसाहतकरी आले तेव्हा ही भूमी कशी होती, त्याचा एक नमुना पुन्हा उभा करू, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. काळही तसाच होता. जेमतेम महिन्यापूर्वी, मे १९३४ मध्ये, पश्चिमेकडील उघड्या पडलेल्या शेतांची माती वादळाने उचलून थेट न्यूयॉर्कपर्यंत नेली होती. जमीन मोडली तर काय होते, हे लोकांनी आपल्या खिडक्यांच्या तावदानांवर पाहिले होते.

उद्यानात प्रेअरी असावी, हा आग्रह वनस्पतिशास्त्रज्ञ नॉर्मन फॅसेट यांचा. पण प्रेअरी लावायची कशी? हे कोणालाच ठाऊक नव्हते. झाडांची नावे ग्रंथांत होती, वाळवलेले नमुने संग्रहालयात होते. परंतु कोणते बी केव्हा पेरावे, कोणते रोप मुळासकट हलवले तर जगते, याविषयी एक ओळही कुठे लिहिलेली नव्हती. आम्हांला या ठिकाणी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. त्याच १९३५ साली, आपल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचा, चार्ल्स मॅककॅन यांच्यासह सिद्ध केलेला, मुंबई इलाख्यातील गवतांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फादर ब्लॅटर आदल्याच वर्षी देवाघरी गेले होते. गवत ओळखण्याची विद्या अशी दोन्हीकडे भरात आली होती. ते गवत पुन्हा उभे करण्याची विद्या मात्र जन्माला यायची होती.

ती विद्या आली एका अनपेक्षित दाराने. महामंदीने अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ नावाचे श्रमदल उभारले. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील १८ ते २५ वयाचे अविवाहित तरुण त्यात घेतले जात. लष्करी पद्धतीची छावणी, दोन वेळचे जेवण आणि महिना ३० डॉलर वेतन. त्यांपैकी २५ डॉलर थेट घरी आईवडिलांकडे पाठवले जात. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण या दलातून गेले. १९३५ मध्ये त्यांची एक छावणी मॅडिसनच्या या उद्यानातच पडली. सुमारे २०० मुले तिथे राहत. विद्यापीठाच्या आवारात या दलाची छावणी पडली ती एवढी एकच. पलीकडच्या इमारतीत पदवी घेणारी मुले, अलीकडे बराकीत पोटासाठी आलेली मुले, आणि वय दोघांचेही सारखेच.

१९३६ मध्ये त्यांना शिकवायला थिओडोर स्पेरी आले. हा तिशीच्या आतला तरुण इलिनॉयमध्ये प्रेअरीच्या मुळांवर संशोधन करून आला होता. खड्डे खणून, माती धुऊन, मूळ कुठवर गेले आहे हे मोजणारा माणूस. अशा कामाला तोच योग्य होता. स्पेरी मुलांना ट्रकमध्ये घालून उरल्यासुरल्या माळांवर नेत. तिथे गवताचे गड्डे मातीसकट चौकोनी कापून काढायचे, ओली माती मुळांपासून सुटू न देता ट्रकमध्ये रचायचे, आणि उद्यानात आणून खड्ड्यांत बसवायचे. कुदळ, फावडे, पाण्याच्या बादल्या, एवढीच साधने. बी गोळा करायचे ते हातांनी ओरबाडून. कारण प्रेअरीचे बी विकणारी दुकाने नव्हती. बी पिकले आहे की नाही, हे दाण्याच्या रंगावरून आणि नखाखाली ते कसे लागते यावरून ठरवायचे. काही ठिकाणी पिकलेले रानगवत कापून आणत आणि तसेच्या तसे जमिनीवर पसरत, म्हणजे त्यातले बी आपोआप गळावे. स्पेरी प्रत्येक जात वेगवेगळ्या वाफ्यात लावीत आणि नकाशावर तिची जागा नोंदवीत, म्हणजे कोण जगले, कोण गेले, हे पुढे पाहता यावे. कामाची पद्धत हीच पाठशाळा होती, आणि शिक्षकही विद्यार्थ्यांच्या बरोबरीने शिकत होता.

ऋतूनेही परीक्षा पाहिली. १९३६ चा उन्हाळा अमेरिकेच्या आठवणीतील सर्वांत दाहक उन्हाळ्यांपैकी एक. १३ जुलै रोजी मॅडिसनच्या उत्तरेस विस्कॉन्सिन डेल्स येथे पारा ११४ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४५ सेल्सिअसच्याही वर गेला. राज्याचा तो उच्चांक आहे. नवी लावणी अशा उन्हात तग धरेना. मेलेल्या जागी पुन्हा लावायचे, पाणी शिंपायचे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा पाहायचे. १९४१ पर्यंत हे चालले. त्या वर्षी छावणी उठली. पाठोपाठ युद्ध आले, आणि मुले पांगली.

या मुलांना आपण भूमीचे उद्धारक आहोत असे वाटत होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांना काम हवे होते. याच दलाच्या मुलांनी दक्षिणेकडील राज्यांत वरिष्ठांच्या आज्ञेवरून जपानी ‘कुड्झू’ वेल लावली. मातीची धूप थांबावी म्हणून लावलेल्या त्या वेलीने पुढे रानेच्या राने गिळली. हात तेच, कष्ट तेच. फरक होता तो काय लावायचे हे ठरवणाऱ्यांत. कष्टाला नुसती शाबासकी देऊन जे मोकळे होतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

मॅडिसनमध्येही एक कोडे सुटत नव्हते. लावलेल्या जातींच्या मधून युरोपातून आलेले ‘ब्ल्यूग्रास’ पुन्हा पुन्हा माजत होते. कितीही उपटले तरी ते हटेना. १९४१ पासून प्राध्यापक जॉन कर्टिस आणि त्यांचे विद्यार्थी मॅक्स पार्च यांनी लहान लहान वाफे जाळून पाहिले. उत्तर आगीत होते. परदेशी गवत थंडी सरताच लवकर हिरवे होते. मूळचे गवत मात्र ऊन तापल्यावर जागे होते. म्हणून वसंताच्या आरंभी आग लावली, तर हिरवे झालेले परके गवत होरपळते, आणि देशी गवत जमिनीखाली सुखरूप राहते. शिवाय जुना पाचोळा जळून माती लवकर तापते व देशी गवताला भरघोस फुलोरा येतो. १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९५० पासून संपूर्ण रान नेमाने जाळले जाऊ लागले. आमच्या कोकणी वाचकांना यात फारसे नवल वाटू नये. पावसाआधी राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला विस्तव हा मातीचा शत्रूच असतो, असे कोणी पटवू शकणार नाही.

आणि हेच ते ज्ञान, जे हो-चंक लोकांबरोबर गेले होते. ते आणि त्यांचे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या हे माळ ठरावीक काळाने जाळीत असत. त्यामुळेच तिथे झुडपे न माजता गवत टिकले होते. वसाहतकऱ्यांनी आधी ती माणसे हुसकावली, मग आगी विझवल्या, आणि शंभर वर्षांनी विद्यापीठाला तोच धडा वाफे आखून नव्याने शिकावा लागला. एक दुःखद योग असा, की आल्डो लिओपोल्ड याच सुमारास, २१ एप्रिल १९४८ रोजी, शेजाऱ्याच्या शेतातील गवताला लागलेली आग विझवताना हृदयविकाराने मृत्यू पावले.

कर्टिस यांचे सहकारी हेन्री ग्रीन यांची चिकाटी आणखी वेगळी. उद्यानाच्या दक्षिण भागात त्यांनी १९४० च्या दशकात दुसरी प्रेअरी लावायला घेतली, तीही बहुतांशी एकट्याने. स्पेरींच्या मुलांनी चुकत-माकत जे मिळवले होते, त्याला ग्रीन आणि कर्टिस यांनी शिस्त आणली. प्रेअरीचे पुष्कळसे बी नुसते पेरून उगवत नाही. ओल्या वाळूत मिसळून ते काही महिने थंडीत ठेवावे लागते, म्हणजे हिवाळा सरला असे त्याला वाटते. शेंगवर्गातल्या बियांचे कवच इतके कठीण, की ते आधी कानशीने किंवा पॉलिश कागदाने घासावे लागते. ही कृती त्यांनी १९५० मध्ये लिहून काढली. पुढे बीजसंग्रहाला बसणाऱ्या हजारो स्वयंसेवकांची ती बाराखडी झाली.

आपल्याकडचा विचार मनात येतो तो इथे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात पवन्या, मारवेल, कुसळी अशा देशी गवतांचे माळ आहेत. लांडगा, माळढोक आणि धनगरांची मेंढरे यांचे ते घर. सरकारी दप्तरात मात्र ते पडीक, आणि सातबाऱ्यावर पोटखराबा. म्हणून वनीकरणाच्या नावाखाली त्यांवर खड्डे खणून परदेशी झाडे लावली जातात, आणि आपण टाळ्या वाजवतो. झाड दिसते, गवत दिसत नाही. आमच्या मते, मॅडिसनच्या पोरांनी ज्यासाठी उन्हातान्हात गड्डे उचलले, ते आपल्याकडे न लावताही अजून उभे आहे. ते मोडल्यावर पुन्हा लावणे किती अवघड जाते, याचा हिशेब त्या ७० एकरांत आहे.

तो हिशेब अजून पुरा झालेला नाही. शहर वाढले, तसे रस्त्यांवरचे पावसाचे पाणी रानात शिरू लागले. त्या पाण्याबरोबर आलेले एक उंच परके गवत ओलसर भागात फोफावले, आणि त्याच्याशी झगडा चालूच आहे. स्पेरी पुढे कॅन्ससमध्ये प्राध्यापक झाले. १९८३ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या लागवडीचा आढावा प्रसिद्ध केला. वाफ्यांचे जुने नकाशे कामी आले. १९६२ मध्ये या रानाला कर्टिस यांचे नाव देण्यात आले. ते त्याआधीच्या वर्षी, अकाली, निवर्तले होते. २०१९ मध्ये विद्यापीठाने आपल्या टेकडीवर एक फलक बसवला. ही भूमी हो-चंक राष्ट्राची होती आणि १८३२ च्या तहाने ती त्यांच्याकडून हिरावली गेली, असे त्यावर आता उघड लिहिले आहे. श्रमदलातील मुलांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत. शरद ऋतूत स्वयंसेवकांच्या टोळ्या अजूनही त्या गवतात शिरतात, कमरेला पिशवी बांधतात, आणि कणसे मुठीत धरून बी ओरबाडतात; दाणा पिकला की नाही, ते नखानेच पाहतात.