गृहकर्जाचा दर कोण बदलतो? सुप्याच्या दंग्यापासून रेपो दरापर्यंत



संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मी इथे लिहिते, मग आज गृहकर्ज कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. सांगते.

दिवाळीत दादा आणि वहिनी घरी आले होते. वाघोलीला फ्लॅट बघून ठेवलाय, बयाणा द्यायचाय. दादाने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. नऊ बँका आणि वित्तसंस्था, प्रत्येकीचा व्याजदर, प्रोसेसिंग फी, महिन्याचा हप्ता, असा व्यवस्थित तक्ता. "तू स्टॅटिस्टिक्सवाली ना? सांग आता, सगळ्यात स्वस्त कुठलं?"

मी सांगणारच होते, तेवढ्यात बाबा आतून एक जुनी फाइल घेऊन आले. काही न बोलता टेबलावर ठेवून परत गेले.

ती आमच्या धनकवडीच्या घराच्या कर्जाची फाइल होती. २००६ साली बाबांनी ९ लाख घेतले होते, १५ वर्षांसाठी. त्यांचा एकही हप्ता चुकला नाही. म्हणजे २०२१ मध्ये कर्ज संपायला हवं होतं. पण २०२१ च्या पत्रात ४१ हप्ते बाकी दाखवले होते. पुढच्या वर्षी बाबा निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीतून त्यांनी ते फेडून टाकलं. मधल्या काळात मुदत वाढवल्याची पत्रं आली होती, प्रत्येकी चार-पाच ओळींची. बाबांनी ती नीट पंच करून लावून ठेवली होती. वाचलीही असतील. पण हप्ता तेवढाच होता, त्यामुळे काही बदललंय असं त्यांना वाटलं नाही.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की दादाच्या तक्त्यात एक रकाना नाहीच. दर किती, हे होतं. दर कोण बदलणार आणि कशाच्या आधारे, हे नव्हतं. हा रकाना भरायला बसले आणि थेट १८७५ सालात जाऊन पोचले.

कागद कुणाच्या हातात?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. शाळेत आपण याला 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळींत संपवतो. पण लोकांना काय हवं होतं ते बघा. त्यांना हवे होते कर्जरोखे. ठिकठिकाणी कागद बाहेर काढून जाळले गेले. जिथे सावकाराने रोखे मुकाट्याने देऊन टाकले, तिथे बहुतेक वेळा मारहाण झालीच नाही.

राग नुसता व्याजावर नव्हता. व्याजाची कमाल मर्यादा घालणारे कायदे सरकारने १८५५ मध्येच रद्द केले होते. आपल्याकडे 'दामदुप्पट'चा जुना नियम होता, म्हणजे एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. पण थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिला की मुद्दलच मोठं व्हायचं. मग दामदुप्पट मोजायची कशाची? आणि हिशेब सावकाराच्या वहीत. कर्जदाराजवळ काहीच नाही.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातल्या दोन तरतुदी संशोधकाने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, न्यायालयाने फक्त शेवटचा रोखा बघून निकाल द्यायचा नाही. व्यवहाराच्या सुरुवातीपर्यंत मागे जायचं, मुद्दल आणि व्याज वेगळं काढायचं. दुसरी, कर्जदाराला पैसे भरल्याची लेखी पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क.

म्हणजे समोरचा आकडा हा शेवटचा रोखा असतो. त्याच्या मागे जायचं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा कुठून आला ते तपासायचं.

शहरातलं घर, शहरातलं गहाण

शेतजमिनीवरून शहरातल्या फ्लॅटवर येताना एक कायदा मध्ये लागतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यात गहाणाचे सहा प्रकार आहेत. नजरगहाण, ताबेगहाण वगैरे शब्द तुम्ही आजोबांकडून ऐकले असतील. त्यातला एक प्रकार खास शहरांचा. मालकीचे मूळ कागद धनकोकडे ठेवायचे, की झालं गहाण. ही सोय कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा व्यापारी शहरांपुरती होती, पुढे सरकारी अधिसूचनेने इतर शहरांनाही मिळत गेली. आज दादा मूळ करारनामा आणि इंडेक्स टू बँकेत जमा करेल, तेव्हा तो हेच करत असेल.

पण गहाण ठेवायला आधी घर तर हवं. पगारदार माणसाला घर घ्यायला पैसे देणार कोण? यावरचं एक उत्तर सहकाराने शोधलं. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या सगळ्या हाउसिंग सोसायट्यांची ही आजी म्हणायला हरकत नाही. तरी पुढची साठेक वर्षं बहुतेकांचं घर झालं ते प्रॉव्हिडंट फंड, दागिने आणि नातेवाइकांच्या उसनवारीवर. १९७० मध्ये हुडको आलं, पण ते मुख्यतः सरकारी संस्थांच्या योजनांना पैसा पुरवणारं.

१९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी सुरू केली. आयसीआयसीआयमधली कारकीर्द संपवून, निवृत्तीच्या वयात. सामान्य पगारदाराला घरासाठी लांब मुदतीचं कर्ज द्यायचं आणि ते मासिक हप्त्यांनी परत घ्यायचं, हाच या संस्थेचा मुख्य धंदा. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाली. आज आपण 'होम लोन' म्हणतो त्या गोष्टीचं वय इतकंच, पन्नाशीच्या आतलं.

दराच्या मागचा नियम

आता बाबांच्या फाइलकडे येऊ.

१९९४ मध्ये रिझर्व्ह बँकेने २ लाखांवरच्या कर्जांचे दर ठरवायची मोकळीक बँकांना दिली. मग बँकेने स्वतःचा एक मूळ दर जाहीर करायचा आणि त्यावर किंवा त्याखाली कर्ज द्यायचं, अशी पद्धत आली. २००३ पासून याला बेंचमार्क प्राइम लेंडिंग रेट म्हणू लागले. गोम इथेच होती. समजा मूळ दर १२ टक्के आहे आणि तुम्हाला साडेतीन टक्के सूट मिळाली. तुमचा दर साडेआठ. पुढे बाजारात व्याज वाढलं की मूळ दर वाढतो, तुमचाही वाढतो. बाजारात व्याज उतरलं की? मूळ दर तसाच ठेवायचा आणि नव्या गिऱ्हाइकाला जास्त सूट द्यायची. जुन्याची सूट करारात लिहिलेली, ती तेवढीच राहते. करार कुणीच मोडलेला नाही, आणि तरी जुना कर्जदार अडकलेला.

बाबांच्या फाइलमध्ये नेमकं हेच होतं. त्याच संस्थेची नव्या ग्राहकांसाठीची जाहिरात बाबांनी पेपरातून कापून शेवटी लावलेली सापडली. तिच्यातला दर त्यांच्या दरापेक्षा पावणेदोन टक्क्यांनी कमी होता. शेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह.

हा दोष रिझर्व्ह बँकेला दिसत नव्हता असं नाही. १ जुलै २०१० पासून 'बेस रेट' आला. १ एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर. दोन्ही वेळी कल्पना एकच की दर बँकेच्या निधीच्या खर्चाशी बांधायचा. पण तो खर्च मोजणार बँकच. २०१७ मध्ये जनक राज यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने या पद्धतींची तपासणी केली. बँकांनी हिशेबात मनाजोगे बदल केल्याचं दाखवलं आणि दर बाहेरच्या मापाला बांधा अशी शिफारस केली. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांना ते बंधनकारक झालं. बहुतेकांनी रेपो दर निवडला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे पटकन कळावं. मोजणाऱ्याच्या हातातली पट्टी रबराची होती. २०१९ मध्ये पट्टी त्याच्या हातातून काढून भिंतीवर लावली.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. एक, हे बंधन बँकांवर आहे. गृहवित्त कंपन्या आजही स्वतःचा मूळ दर वापरू शकतात. दोन, नवी पद्धत आली म्हणून जुनं कर्ज आपोआप तिच्यात जात नाही. मागणी करावी लागते. बाबांनी ती कधी केली नाही, कारण करता येते हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

चांगली पट्टीसुद्धा चावते

मग रेपोशी बांधलेलं कर्ज घेतलं की निश्चिंत? जरा गणित करू.

४० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेसहा टक्के. हप्ता येतो सुमारे २९,८२३ रुपये. २०२१ मध्ये याच्या आसपासच्या दराने कर्जं मिळत होती, कारण रेपो ४ टक्के होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो साडेसहावर गेला. अडीच टक्क्यांची वाढ. म्हणजे साडेसहाचं कर्ज नऊ टक्क्यांवर. आता ४० लाखांवर ९ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज काढा. ३०,००० रुपये. हप्ता २९,८२३!

म्हणजे नव्या कर्जदाराचा हप्ता तोच ठेवला, तर त्यातून महिन्याचं व्याजसुद्धा पूर्ण फिटत नाही. मुद्दल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. थकलेलं व्याज मुद्दलात मिसळणं, हे आपण आधी कुठे पाहिलं?

१८ ऑगस्ट २०२३ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक यावरच आहे. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडू द्यायचं. स्थिर दरात जायचा पर्याय संस्थेच्या धोरणानुसार द्यायचा, हे २०२५ पर्यंत बंधनकारक होतं. मुदत वाढवताना मुद्दल फुगता कामा नये. आणि दर तिमाहीला हिशेब द्यायचा. मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले.

मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, लेखी हिशेब कर्जदाराच्या हातात. १८७९ चं कलम आठवलं का? हे वाचताना माझ्या अंगावर खरंच काटा आला. तो शेतकरी आणि हा फ्लॅटवाला यांची परिस्थिती एक नाही, सावकार आणि बँक एक नाहीत, तशी सरसकट तुलना करू नका. पण कर्जदाराला मागावी लागलेली गोष्ट १४४ वर्षांनीही तीच निघाली.

दादाच्या तक्त्यात काय बदललं

आम्ही तक्त्यात पाच रकाने वाढवले:

१. दर कशाशी बांधला आहे? रेपो, की संस्थेचा स्वतःचा मूळ दर?
२. त्यावरचा स्प्रेड किती, आणि तो कोणत्या परिस्थितीत बदलू शकतो?
३. दर किती महिन्यांनी बदलतो? रेपोवालं कर्ज निदान तीन महिन्यांतून एकदा बदलायला हवं.
४. 'फिक्स्ड' म्हटलंय ते शेवटपर्यंत, की पहिली दोन-तीन वर्षंच?
५. दर दोन टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती होईल, आणि तो आपल्याला झेपेल का?

मुदतीआधी फेडल्याचा दंड हा रकाना मात्र आम्ही जवळजवळ मोकळा सोडला. वैयक्तिक, बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांना तो २०१२ पासून घेता येत नाही.

या रकान्यांची उत्तरं जाहिरातीत मिळत नाहीत. मंजुरीपत्राचा आणि कराराचा मसुदा मागावा लागतो. दोन ठिकाणी 'सही करताना दाखवू' असं सांगितलं. त्या दोन ओळी दादाने तक्त्यातून काढून टाकल्या. सगळ्यात कमी दराची संस्था त्यातच होती. वहिनीला जरा हळहळ वाटली, पण तीही म्हणाली की न दाखवलेला कागद कसला स्वस्त.

मित्रांनो, तुम्ही उद्या प्रबंधासाठी एखादा आकडा उचलाल. पिकाचं उत्पादन असेल, रुग्णसंख्या असेल, तापमान असेल. त्याला एवढंच विचारा. तुला कुणी मोजलं, कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाने, आणि तो नियम बदलायचा हक्क कुणाकडे होता? नियम मध्येच बदलला असेल, तर २००९ चा आणि २०१९ चा आकडा एका रेघेवर मांडता येणार नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी ही चूक केली होती. गाइडने आलेख परत दिला तेव्हा कळलं.

आणि घरात कुणाचं जुनं गृहकर्ज चालू असेल तर या रविवारी फाइल काढा. मूळ मुदत कधी संपायची होती आणि आज किती हप्ते बाकी दाखवतात, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. फरक दिसला तर दर कशाशी बांधलाय ते विचारणारं पत्र द्या आणि पोच घ्या.

बाबांची फाइल आता माझ्या टेबलावर असते. त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा विचारायला हवं होतं, इतकंच."