परिषद कोणासाठी? गणित शिकवणाऱ्यांच्या एकत्र येण्याचा इतिहास



आपल्या भागातल्या महाविद्यालयांमधले गणिताचे शिक्षक आणि विद्यार्थी यांची एक प्रादेशिक परिषद भरवायचे घाटते आहे. तिची आखणी सुरू होण्याआधी अशा परिषदांचा इतिहास एकदा समोर ठेवावा, अशी संयोजकांची सूचना आली. आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले. गणितवाल्यांच्या मांडवात आमचे काय काम, असे कोणाला वाटेल. आमचे काम एवढेच, की जे सगळे गृहीत धरतात त्याबद्दल एक प्रश्न विचारायचा. तो असा: गणितासाठी माणसांनी एकत्र यायची गरजच काय?

बघा, रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, भूगर्भशास्त्राला डोंगर लागतो. गणिताला कागद आणि पेन्सिल पुरते. सिद्धता बरोबर असेल तर ती देवळालीत बसून केली काय आणि पॅरिसमध्ये केली काय, बरोबरच असणार. मग तिकीट काढून, सुट्टी टाकून, दुसऱ्या गावी जाऊन ती ऐकायची कशाला?

याचे एक उत्तर १९०० सालच्या पॅरिसमध्ये मिळते. त्या ऑगस्टमध्ये तिथे लागोपाठ दोन परिषदा झाल्या, आधी तत्त्वज्ञानाची आणि मग गणिताची. गणिताच्या परिषदेत हिल्बर्टने आपले प्रसिद्ध प्रश्न मांडले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण आधीच्या तत्त्वज्ञान परिषदेत तिशीसुद्धा न गाठलेला बर्ट्रांड रसेल इटलीच्या पेआनोला भेटला. रसेलने पुढे लिहून ठेवले आहे की आपल्या बौद्धिक आयुष्याला तिथे वळण मिळाले. त्याच्या लक्षात काय राहिले? चर्चेत पेआनो इतरांपेक्षा नेमके बोलत होता, आणि वाद झाला की त्याचीच बाजू वरचढ ठरत होती. हे पाहून रसेलने त्याचे सगळे लेखन मागून घेतले. म्हणजे लेखन होतेच, छापलेले होते. पण ते वाचावेसे वाटले, कारण तो माणूस समोर बसून युक्तिवाद करताना दिसला. छापील पानावर निकाल दिसतो. विचार कसा चालतो हे दिसायला माणूस समोर लागतो. परिषदेचे प्रयोजन आमच्या मते इथे आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. ४ एप्रिल १९०७ रोजी वीस सभासदांनिशी एक मंडळ सुरू झाले. नाव होते अ‍ॅनालिटिक क्लब. सुरू करणारे व्ही. रामस्वामी अय्यर प्राध्यापक नव्हते. ते सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते, गुत्तीला. गुत्ती म्हणजे आपल्या इतिहासातली मुरारराव घोरपड्यांची गुत्ती. तिथे बसून या गृहस्थांना भूमितीचा नाद, आणि अडचण अशी की नवी पुस्तके आणि युरोपातली नियतकालिके एकट्याला परवडत नाहीत. मग वर्गणी काढू, सगळ्यांत मिळून मागवू, आणि टपालाने एकमेकांना फिरवू, असा हा साधा हिशेब. पुस्तकांचा साठा ठेवला कुठे? पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात. त्या वेळी तिथे प्राचार्य होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर. संस्थापक आंध्रच्या कोरड्या मुलखात आणि पुस्तके पुण्यात, अशी ही संस्था. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या मंडळाची पहिली परिषद भरली १९१६ साली, मद्रासला. म्हणजे स्थापनेनंतर नऊ वर्षांनी! मधल्या काळात काय चालले होते? पुस्तके फिरत होती. १९०९ पासून संस्थेचे नियतकालिक निघत होते, आणि त्यात प्रश्नोत्तरांचे सदर होते. कोणीही प्रश्न घालावा, कोणीही सोडवून पाठवावा. याच सदरात १९११ साली कुंभकोणमच्या एका तरुणाने प्रश्न घातला: एक अधिक दोन गुणिले वर्गमुळात एक अधिक तीन गुणिले वर्गमुळात एक अधिक चार गुणिले… असे अनंतापर्यंत आत आत जायचे, आणि या सगळ्याचे बाहेरून पुन्हा वर्गमूळ काढायचे. किंमत किती? सहा महिने वाट पाहिली, कोणाचेच उत्तर आले नाही. मग त्यानेच सांगितले: तीन. कसे ते पाहा. ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ. ९ म्हणजे १ + २×४. त्यातला ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ + ३×५. त्यातला ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ, आणि २५ म्हणजे १ + ४×६. चालले पुढे! आठवीच्या मुलाला गंमत वाटेल. आणि ही साखळी अनंतापर्यंत नेणे रास्त आहे का, हा प्रश्न एम.एस्सी.च्या मुलाला घाम फोडेल. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन रामस्वामी अय्यरांकडे गेला होता तो नोकरी मागायला. १९१० ची गोष्ट. अय्यर तेव्हा तिरुक्कोयिलूरला होते. तालुका कचेरीत कारकुनाची जागा मिळाली तरी चालेल, असे त्याचे म्हणणे. अय्यरांनी वह्या चाळल्या आणि ठरवले की या मुलाला कारकुनीत घालणे पाप आहे. त्यांनी त्याला मद्रासच्या ओळखीच्या गणितज्ञांकडे पाठवले. ही ओळख कुठून आली? त्याच वर्गणीच्या, टपालाच्या जाळ्यातून. ते नसते तर एक सज्जन अधिकारी हळहळला असता, इतकेच.

तेव्हा इतिहासाचा पहिला धडा असा, की परिषद हा शेवटचा टप्पा आहे. आधी देवाणघेवाण, मग मांडव. १९१६ ला मद्रासमध्ये जे जमले ते एकमेकांची नावे, अक्षरे, खोडी ओळखत होते. नऊ वर्षे पत्रातून भांडून झाले होते. १९१९ ला दुसरी परिषद आपल्या मुंबईत झाली. पुढे लाहोर, पुणे, नागपूर अशी ती फिरत राहिली. १९३३ मध्ये संस्थेने आणखी एक नियतकालिक काढले, द मॅथेमॅटिक्स स्टुडंट. नावच बघा ना! संशोधकांचे एक आणि शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे एक, असे दोन्ही हवे, हे त्यांना कळले होते.

याच सुमारास अमेरिकेतही असेच घडत होते. तिथल्या गणित संस्थेचा कल संशोधनाकडे. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांसाठी एक मासिक निघत असे, ते चालवायला घ्या असे संस्थेला सांगितले, तर तिने नकार दिला. पण अशा शिक्षकांनी स्वतंत्र संघटना काढावी, असेही सुचवले. डिसेंबर १९१५ च्या शेवटी ओहायो राज्यात कोलंबसला लोक जमले आणि मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन झाली. लगेच तिने प्रादेशिक शाखांची सोय केली. ओहायो, कॅन्सस, मिसूरी अशा पहिल्या शाखा. देश एवढा अवाढव्य, की लहान महाविद्यालयातला एकटा गणित शिक्षक राष्ट्रीय सभेला जाणार कसा? म्हणून सभाच त्याच्याजवळ न्यायची. ‘प्रादेशिक’ या शब्दाचा तिथे अर्थ होता ‘पोचता येईल असे’. ‘कमी दर्जाचे’ असा अर्थ मुळीच नव्हता.

आणि आपल्याकडे? इथे दुखणे आहे, ते स्पष्ट बोललेच पाहिजे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर १० गुण, राष्ट्रीय परिषदेत ७.५, प्रादेशिक किंवा राज्य पातळीवर ५. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण परिणाम काय झाला? तालुक्याच्या गावी भरणारी सभासुद्धा फलकावर ‘राष्ट्रीय’ झाली, आणि शेजारच्या देशातून एक निबंध आला की ‘आंतरराष्ट्रीय’. ‘प्रादेशिक’ हा शब्द फलकावरून पुसलाच गेला. शब्द गेला आणि त्याबरोबर विद्यार्थीही गेला, कारण त्याला गुण नकोत आणि त्याचे गुण कोणी मोजत नाही. अशा एका परिषदेला आम्ही गेलो होतो. उद्घाटन, सत्कार, शाली यांत अख्खी सकाळ गेली. दुपारी निबंध वाचणाऱ्यांना पाच-पाच मिनिटे. प्रश्न विचारायला हात वर केलेल्या एका मुलीला सांगण्यात आले, वेळ नाही, चहाच्या वेळी विचार. चहाच्या वेळी वक्ते प्रमाणपत्राच्या रांगेत होते.

या पार्श्वभूमीवर एका माणसाची आठवण ठेवू. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. शिकले फर्ग्युसनमध्ये, १९२७ साली तिथे रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळवले. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. पण गणिताच्या परिषदांना हा माणूस आवर्जून जाई. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी सांगितले: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करा, ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना हा पोरखेळ वाटला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिले आणि कापरेकरांचे नाव जगभर गेले. पण त्याआधी सव्वीस वर्षे एका शाळामास्तराला परिषदेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलता आले होते, हेही विसरू नका. त्या परिषदेचे दार त्यांच्यासाठी उघडे होते. आजच्या आपल्या परिषदेत ते उघडे असेल का? नोंदणी शुल्काचा आणि हुद्द्याचा रकाना बघून सांगा.

तर मग आखणी कशी करावी? इतिहासातून निघते तेवढेच सांगतो, बाकी आपण जाणते आहात.

पहिले, तारीख ठरवण्याआधी प्रश्न पाठवा. परिषदेच्या तीन महिने आधी दहा प्रश्न सगळ्या महाविद्यालयांना जाऊ द्यात. काही असे की एफ.वाय.च्या मुलाला हात घालता येईल, एक-दोन असे की शिक्षकांनाही अडावे. परिषदेत त्यांच्यावर बोलायचे. मग येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येईल, नुसती पिशवी घ्यायला येणार नाही.

दुसरे, वेळापत्रक एस.टी.च्या वेळापत्रकाला धरून करा. हसू नका! जत, आटपाडी, शिराळा इथल्या मुलींना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचे असते. दहाला सुरू, चारला समाप्त. उद्घाटनाला पंधरा मिनिटे. सत्कार नाहीत. दर व्याख्यानाला जेवढा वेळ बोलायला, त्याच्या निम्मा तरी वेळ प्रश्नांना.

तिसरे, मराठीत विचारू द्या. एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी कलनाचा विषय शून्यलब्धी या नावाने मराठीत आणला, केरूनाना छत्र्यांच्या हाताखाली टिळकांसारखे विद्यार्थी गणित शिकले. निबंध इंग्रजीत असू दे, सूत्रे आहेत तशीच असू देत. पण मुलाला शंका ज्या भाषेत येते त्या भाषेत ती बाहेर पडली पाहिजे.

चौथे, विद्यार्थी आणि शिक्षक वेगवेगळ्या खोल्यांत बसवू नका. शिक्षक फळ्यापाशी अडखळलेला विद्यार्थ्याने पाहायला हवा. वर्गात त्याला तयार उत्तर दिसते. अडखळून, मागे येऊन, दुसरी वाट धरणारा शिक्षक त्याला कुठेच दिसत नाही, आणि गणित म्हणजे तर तेच असते.

आणि शेवटचे. फलकावर ‘प्रादेशिक’ असेच लिहा. त्याने कोणाचे गुण कमी होतील, तर होऊ देत. ज्यांना त्यासाठीच यायचे असेल ते येणार नाहीत. पन्नासच लोक आले तरी चालतील. रामस्वामी अय्यरांकडे वीस होते.

आता आम्ही थांबतो आणि प्रश्नांना वेळ ठेवतो, नाहीतर आत्ताच सांगितलेले आम्हीच मोडले असे व्हायचे. मागच्या बाकावरून सुरुवात करू या.