अ‍ॅथलेटिक ट्रेनर : पदव्युत्तर शिक्षण (अमेरिका)
खेळाडूंच्या दुखापती टाळणे, मैदानावर तातडीचे उपचार करणे आणि पुढे त्यांचे पुनर्वसन करणे, हे काम करणारा परवानाधारक आरोग्यव्यावसायिक. नावातील ‘ट्रेनर’मुळे त्याला व्यायामशाळेतला प्रशिक्षक समजले जाते, हा गैरसमज अमेरिकेतही पुसला गेलेला नाही. या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या व्यवसायाला मान्यता दिली.

पूर्वी पदवी पुरत असे. २०१५ च्या निर्णयानुसार मात्र किमान पात्रता पदव्युत्तर ठरली आणि पदवी अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश २०२२ नंतर थांबले. अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असून त्यात शरीररचना, व्यायामशरीरक्रिया, दुखापतींचे निदान हे विषय येतात. खरी शिकवण मात्र अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली, संघाबरोबर होते. त्यात सलग चार आठवड्यांचा पूर्णवेळ अनुभव सक्तीचा आहे. घोट्याला चिकटपट्टी बांधताना एक सुरकुती राहिली तरी सामना संपेपर्यंत कातडीवर फोड येतो, हे तिथेच कळते. उष्माघातात खेळाडूला आधी बर्फाच्या पाण्यात बसवायचे, रुग्णालयात नंतर न्यायचे, हा क्रमही अंगवळणी पडतो.

यानंतर प्रमाणन मंडळाची परीक्षा. बहुतेक राज्यांत वेगळा परवाना लागतो. कॅलिफोर्निया हा बराच काळ ठळक अपवाद राहिला. या कामाचे मोल दाखवणारा एक प्रसंग : २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिन याचे हृदय मैदानातच थांबले. तेव्हा त्याची छाती दाबून जीवदान देणारे डेनी केलिंग्टन हे त्याच्या संघाचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर होते.