निर्बंधसूची आणि प्रतिपक्षाचे म्हणणे

दहशतवादविरोधी आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा इतिहास प्रायः सामर्थ्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो कार्यपद्धतीचाही इतिहास आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५ ऑक्टोबर १९९९ रोजी ठराव १२६७ अन्वये तालिबानवर निर्बंध लादले. डिसेंबर २००० मधील ठराव १३३३ ने ओसामा बिन लादेन व अल् कायदा यांच्याशी संबद्ध व्यक्तींची सूची ठेवण्याचे काम परिषदेच्या समितीकडे सोपविले. सूचीत नाव येताच त्या व्यक्तीची मालमत्ता गोठविली जाई. अन्न, घरभाडे व औषधोपचार यांपुरती रक्कम काढू देण्याची तरतूद डिसेंबर २००२ मध्ये झाली. सूचीत नाव घालण्याची कारणे त्या व्यक्तीस कळत नसत. आणि सूचीतून मुक्त होण्याची विनंतीही तिला स्वतः करता येत नसे, ती एखाद्या सरकारमार्फतच करावी लागे.

यासिन कादी या सौदी व्यापाऱ्याचे नाव ऑक्टोबर २००१ मध्ये सूचीत आले. युरोपीय न्यायालयाने ३ सप्टेंबर २००८ रोजी, बचावाचा हक्क व परिणामकारक न्यायालयीन तपासणीचा हक्क यांचा भंग झाल्याचे ठरवून, संबंधित युरोपीय नियम कादी यांच्यापुरता रद्द केला. परिषदेच्या ठरावाचा अंमल करीत असतानाही संघाने आपल्या मूलभूत हक्कांना सोडचिठ्ठी देता कामा नये, हे या निर्णयाचे सार होय.

येथे एका शब्दाचा विचार अवश्य आहे. परिषद या उपायांना ‘प्रतिबंधक’ म्हणते. ‘दंडात्मक’ म्हणत नाही. म्हणून फौजदारी खटल्यातील पुराव्याची कसोटी त्यांस लागू नाही, असे तिचे प्रतिपादन आहे. परंतु सुमारे दहा वर्षे चाललेल्या बंधनास तात्पुरता उपाय म्हणावे काय, ही शंका २०१० मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयानेच उपस्थित केली. मुदत नसलेला प्रतिबंध अर्थाने दंडाच्या जवळ सरकतो. संज्ञा तीच राहिली तरी वाच्यार्थ बदललेला असतो.

न्यायालयांच्या या टीकेचा परिणाम परिषदेच्या कार्यपद्धतीवरही झाला. २००६ मध्ये थेट अर्ज घेणारे केंद्र निर्माण झाले. डिसेंबर २००९ च्या ठराव १९०४ ने स्वतंत्र लोकपालाचे पद आले व किम्बर्ली प्रोस्ट या पहिल्या लोकपाल झाल्या. २०११ पासून, लोकपालाने मुक्ततेची शिफारस केल्यास साठ दिवसांनी नाव वगळले जाते. मात्र समितीने एकमताने विरुद्ध निर्णय घेतल्यास, अथवा प्रश्न परिषदेकडे नेल्यास, तसे होत नाही. कादी यांचे नाव ऑक्टोबर २०१२ मध्ये वगळण्यात आले. तथापि १८ जुलै २०१३ रोजी युरोपीय न्यायालयाने, निदान एक कारण तरी पुराव्याने सिद्ध झाले पाहिजे, हे तत्त्व निश्चित केले.

हा लाभ सर्वांना मिळाला असे मात्र नाही. २०११ मध्ये वेगळ्या केलेल्या तालिबानच्या सूचीस लोकपालाची कक्षा लागू नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकावे, हे तत्त्व न्यायशास्त्राला नवे नव्हे. परंतु सुरक्षेच्या नावाने उभारलेल्या संस्थेस ते दहा वर्षांनी, आणि तेही एका सूचीपुरते, मान्य करावे लागले, हे या इतिहासातील ध्यानात ठेवण्याजोगे तथ्य होय.