पक्षाघातानंतरचा खांदा : भौतिकोपचार
पक्षाघातानंतर लुळ्या हाताच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली सरकतो, पुढे स्नायू ताठरून खांदा आखडतो. हुबळीच्या रुग्णालयातून कोप्पीकर रोडवरच्या घरी परतलेल्या रुग्णाला तोच हात ओढून उठवले, तर इजा वाढते. आधार खवाट्यामागून, म्हणजे खांद्यामागच्या सपाट हाडामागून द्यावा. डोक्यावरच्या कप्पीने हात वर ओढणे तर टाळावेच. १९९० च्या एका चाचणीत कप्पी वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना खांदेदुखी जडली. उपचारकाने हात हलवलेल्यांत ती ८ टक्क्यांना झाली. रुग्ण अवघे २८ होते, हा आक्षेप खरा. पण फरक मोठा आहे आणि कारणही उघड आहे : खवाटा न फिरता दंड उचलला की मऊ ऊती हाडांत चिमटतात. हात न हलवल्यास सांधा धरेल, ही भीतीही रास्तच. म्हणून खवाटा हाताने फिरवत, दंड बाहेर वळवून, दुखण्याच्या अलीकडे थांबत रोज हालचाल द्यावी. बसल्यावर कोपराखाली उशी ठेवावी.